सुमेधाबाईंचं प्रोटीन

मी प्रोटीन पावडरचा डबा बोलून राहिलो. काळाकुट्ट, ऐसपैस. माझ्या पोटावर एका पिळदार पोटाच्या पैलवानाचं चित्र आहे. त्याला डोकं छापलेलंच नाही. तेव्हाच कुणाला तरी शंका यायला पाहिजे होती.

कारखान्यात मला भरलं, चॉकलेटचा वास दिला आणि पाठीवर अमायनो ॲसिडची नावं छापली. ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन. ती कुणी वाचत नाही. 'शुगर शून्य' तेवढं वाचतात.

सुमेधाबाईंनीही तेवढंच वाचलं. यवतमाळच्या सरकारी कचेरीत बसून काम, वय पंचेचाळीस, शुगर बॉर्डरवर. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "तीन महिने बघू. नाही उतरली तर गोळ्या." बाईंच्या आईची नजर शुगरनं गेली होती. रिपोर्ट हातात आला की बाईंना आईचे भिंत चाचपडणारे हात दिसायचे.

म्हणून त्यांनी जिमवाल्या भाच्याला, साकेतला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पोळी-भात कमी कर आणि हे घे."

बाईंनी वाक्याचा मागचा अर्धा भागच ऐकला.

सकाळी तर्री-पोहे, वरून मी. दुपारी वरण-भात-पोळी, वरून मी. रात्री पाटवडी-रस्सा, आणि झोपताना दुधात मी.

"काहून गं, हे जेवण आहे का जेवणाची शिक्षा?" नवरा, श्रीकृष्णराव, विचारायचे.

"तुम्ही तुमची जिलबी खा. प्रोटीननं शुगर वाढत नसते."

चतुर्थीला कळंबच्या गणपतीला जाताना तर माझे मोदक झाले. खजूर, काजू, तूप आणि मी. कचेरीतल्या साधनाताईंनी विचारलं, "गोड हायेत का व?"

"बिनसाखरेचे!"

मग शुगरवाल्या सगळ्याच मैत्रिणींनी निर्धास्तपणे हाणले. कौतुक ऐकून मीही फुगलो. मला वाटलं, पैलवानाचं डोकं मीच.

रिपोर्ट आला. वाढलेला.

"काय खाता?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही हो. फक्त प्रोटीन."

मग एकेक पदार्थ बाहेर आला. मोदक सगळ्यात शेवटी.

"प्रोटीन वाईट नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ते तुम्हाला डाळीतून, बेसनातून, दुधातून मिळतंच आहे. यातली काही अमायनो ॲसिडं खूप खाणाऱ्यांत डायबिटीसचा धोका जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. का, ते अजून शोधतायत. तुम्ही तर पोळी-भात तसाच ठेवून भरल्या पोटावर हे घेत होता. आणि खजुरातही साखरच असते."

गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी बाईंनी तळहातावर घेतली. श्रीकृष्णरावांनी पाणी आणून दिलं. "उद्यापासून फिरायला मी पण येतो," म्हणाले. जिलबीचं काही बोलले नाहीत.

मला कचऱ्यात टाकायला काढलं, तेवढ्यात साधनाताई आल्या. "टाकून कायले राह्यली व? अर्धा भरून हाये! माह्या सासूले शुगर हाये, नेरले नेऊन देतो."

"अगं, डॉक्टर काय म्हणाल्या ते तर ऐक..."

"तुले नाही मानवला, म्हणून का तिले नाही मानवणार?"

आता मी नेरच्या बसमध्ये साधनाताईंच्या मांडीवर आहे. त्या फोनवर सासूबाईंना, सत्यशीलाबाईंना, सांगून राहिल्या, "हाव आई, बिनसाखरेचा. जेवून घ्या अन् मंग वरून हे घ्या."

सत्यशीलाबाई, आपली ओळख नाही. पण मला उघडण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. आणि सूनबाईंना वाईट वाटेल म्हणून विचारता येत नसेल, तर झाकण निघत नाही म्हणा. मी आतून घट्ट धरून ठेवतो.