ओव्याचा वास

तव्यावर ओवा टाकला की वास आधी बाथरूममागच्या उभ्या डक्टमध्ये शिरतो आणि मग खालपासून वरपर्यंत सगळ्यांच्या बाथरूममध्ये पसरतो. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीत कुणी सुकट भाजली, कुणाचं दूध उतू गेलं, हे सगळ्यांना असंच कळतं. एरवी त्यावरून नुसत्या गप्पा होतात.

त्या सकाळी मी सईला आंघोळ घालत होते, तेव्हा तो वास आला. ओवा फडक्यात बांधून, ती पुरचुंडी गरम तव्यावर दाबून लहान मुलांच्या छातीला शेक देतात, तोच वास. पाठोपाठ खोकला आला. कोरडा, मोठ्या माणसाचा. मी नळ बंद करून ऐकत राहिले. आमच्या बरोबर खाली विष्णुपंतकाका आणि कुंदाकाकू राहतात. काका अंबरनाथच्या एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. खोकून झाल्यावर ते श्वास ओढत होते, तो आवाज मला अजिबात आवडला नाही.

सईचं अंग पुसेपर्यंत माझा फोन वाजायला लागला होता.

आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. व्हायरसचा नवा प्रकार आलाय, उल्हासनगरला माणसं ॲडमिट झालीत, अंबरनाथला वॉर्ड भरलाय, बुवापाड्यातलं एक आख्खं घर उचललं. यातलं खरं किती आणि फॉरवर्ड किती, कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी हॉस्पिटलबाहेरच्या रांगेचा फोटो टाकला होता. त्यातल्या माणसांच्या अंगात स्वेटर होते आणि आमच्याकडे ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. तरी तो फोटो मी वरदला, माझ्या नवऱ्याला, पाठवलाच.

आता ग्रुपवर होतं: "ओव्याचा वास कुणाकडून येतोय?"

"लहान मूल एकाच घरात आहे."

"नाव घेऊ नये, पण लपवूही नये."

मग आमचा सेक्रेटरी हितेश. इमारतीची जागा मुळात त्याच्या आजोबांचं भाताचं शेत, त्यामुळे तो सगळ्यांचाच दादा. "ऋतिका वहिनी, सई बरी आहे ना? टेन्शन नका घेऊ, फक्त खरं सांगा."

"सई ठणठणीत आहे. वास आमच्याकडचा नाही," मी लिहिलं.

"मग काय टाकीवरचा कावळा शेकताय?" कुणीतरी टाकलं. त्याच्याखाली हसणारे चेहरे.

आणि त्यानंतर कुंदाकाकूंचा मेसेज. "लहान मुलं असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी." पुढे जोडलेले हात.

मी तो पुन्हा वाचला. रोज दुपारी माझ्या पोरीला मांडीवर घेऊन मेतकूट-भात भरवणारी ही बाई.

"वास खालून येतोय," असं टाइप केलं. पाठवलं नाही. वरदला फोन केला. तो कंपनीत, शिफ्टवर.

"तू त्यात पडू नकोस," तो म्हणाला. "सईचं बघ. तिला खाली पाठवू नकोस म्हणजे झालं."

"अरे, पण काकांना धाप लागलीय. मी ऐकलंय."

"ऋतिका, प्लीज."

फोन ठेवला तेवढ्यात डक्टमधून काकांचा आवाज आला. "कुंदा, खिड..." शब्द पुरा झालाच नाही. खिडकी उघड एवढं म्हणायलाही त्यांना श्वास पुरत नव्हता.

कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होतं. त्यात टीव्हीच्या रिमोटचे सेल घातले. सईला मोबाईलवर कार्टून लावून दिलं, दोन मास्क एकावर एक चढवले, दाराला बाहेरून कडी घातली. जिना उतरताना सारखं वाटत होतं, ती स्टुलावर चढली तर?

काकूंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"गॅस बंद करते गं, झालंच," त्या म्हणाल्या.

"काकू, काकांना डॉक्टरला दाखवलंत?"

"साधा खोकला आहे. हवा बदलली ना."

"मग सईवर का ढकललंत?"

काकूंनी मान खाली घातली. "तुझी पोर बरी आहे. तिला कोण काय करणारे? यांना नेलं तर..." त्यांनी दार आणखी थोडं ओढून घेतलं. "माझा भाऊ कोरोनात स्वतःच्या पायांनी चालत गेला होता गं ॲम्ब्युलन्सपर्यंत. आणि खाली सगळे व्हिडिओ काढत होते. नंतर आम्हाला तोंडसुद्धा दाखवलं नाही त्याचं. हे म्हणालेत, मरेन तर इथेच मरेन, तमाशा नको."

मी फटीतून ऑक्सिमीटर आत दिलं. "बोटाला लावा आणि आकडा सांगा."

आत चपला घासत गेल्या आणि परत आल्या.

"सत्त्याऐंशी," काकू म्हणाल्या. "हे ठोके आहेत ना?"

"नाही काकू. हा ऑक्सिजन आहे. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं."

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मी तिथूनच उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलला फोन लावला, स्पीकरवर टाकला. बेड होता, ॲम्ब्युलन्सही ते पाठवणार होते. मास्क लावून एका नातेवाइकाला जवळ बसता येईल, असं तिथली मुलगी म्हणाली. मी तिला ते पुन्हा बोलायला लावलं. काकूंनी साखळी काढली.

"पण जिन्यातून नेणार कसं गं?" त्या म्हणाल्या. "सगळे बघतील. हे जिन्यातच परत फिरतील."

मी मोबाईलकडे बघितलं. मग लिहिलं, "हो, वास आमच्याकडचाच होता. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. सगळ्यांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या, जिन्यात कुणीही येऊ नका. हवेतून पसरतो म्हणतात."

अंगठा बटणावर थांबला. उद्या आवारात सईच्या हाताला कुणी हात लावणार नाही. बालवाडीच्या बाईंनाही संध्याकाळपर्यंत कळेल. आत काका पुन्हा खोकले, आणि या वेळी खोकला अर्ध्यातच अडकला. मी पाठवून टाकलं.

वरून, समोरून, बाजूच्या विंगमधून खिडक्या सरकल्याचे आवाज आले. धाडधाड दारं लागली. फोन थरथरत होता. "बघितलं? आधी सांगायला काय झालं होतं?" "शिकलेली माणसं ही!"

लिफ्ट नाहीच आमच्याकडे. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, डोक्यावरून शाल पांघरली आणि रिकाम्या जिन्याने खाली नेलं. एकही दार उघडलं नाही. काकू मागून पिशवी घेऊन चालल्या होत्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मी जिन्याच्या वळणावर थांबले.

गेट उघडायला मात्र हितेश आलाच होता, तोंडाला टॉवेल बांधून. त्याने शालीकडे बघितलं. मग शालीखालून निघालेल्या, केस पिकलेल्या पायांकडे. मग वर, माझ्याकडे. माझ्या कडेवर कुणी नव्हतं.

"हे तर..." तो म्हणाला.

काकूंनी पिशवीसकट हात जोडले. हितेशने तोंड भिंतीकडे वळवलं आणि गेटची कडी ओढली.

"मना काय दिसला नाय," तो घरच्या बोलीत पुटपुटला. "जा लवकर." त्याला दया आली की तो नुसता श्वास रोखून उभा होता, मला कळलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

मी धावत वर गेले. सई गॅलरीच्या ग्रिलला लोंबकळत ओरडत होती, "आई, टी-टी गाडी! आजोबा गेले गाडीत!" आवाज आख्ख्या आवारात घुमला. पण खिडक्या सगळ्या बंद होत्या.

संध्याकाळी वरदचा फोन आला. मी कळवल्यावर तो कंपनीतून परस्पर हॉस्पिटलला गेला होता. "ऑक्सिजन लावलाय. ब्याण्णव आलंय, चहा मागतायत. टेस्टचा रिपोर्ट उद्या." मग म्हणाला, "तू ग्रुपवर काय लिहिलंस ते कंपनीतपण पोचलं. उद्या येऊ नका म्हणालेत मला."

"येशील ना घरी?"

"मग कुठे जाऊ?"

ग्रुपवर कुंदाकाकू टाइप करताना दिसत होत्या. थांबायच्या, पुन्हा सुरू करायच्या. शेवटी आलं. "वास आमच्या घरचा होता यांना ॲडमिट केले आहे सईला काही नाही मी घाबरले होते."

मग हितेश, "वहिनी, उद्या सईला खाली खेळायला पाठवा."

त्याच्या लगेच खाली दुसऱ्या कुणाचं तरी, "नको. ऋतिका त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली ना."

आणि ते खोटं नव्हतं. मी पुन्हा साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. सई झोपाळली होती, गाल नेहमीपेक्षा लाल वाटत होते. दिवसभर उन्हात ग्रिलला लटकली होती, त्यामुळेच असेल. मी तिच्या काखेत थर्मामीटर लावलं, आणि ते वाजायच्या आत उठून डक्टकडची खिडकी लावून घेतली.