सुई कुठं हलते

चौदा एप्रिलच्या जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या लेथचा, काम धरून फिरवणारा चक थरथरू लागला आणि माझा संशय थेट हेमराजवर गेला.

भद्रावतीतलं हे वर्कशॉप आमच्या ह्यांनी, वामनरावांनी, उभं केलं. हेमराज त्यांच्या हाताखाली तयार झाला. ते गेल्यापासून तोच चालवतो. दुकानाची किल्ली ह्यांनी दिली तेव्हापासून, बावीस वर्षं, त्याच्या करगोट्याला बांधलेली. पण मार्चमध्ये तो मला वरोऱ्याला एका नव्या वर्कशॉपच्या दारात दिसला होता. त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता पंपाचे शाफ्ट वाकडे उतरू लागले. वाटलं, आपला चक तिकडे गेला आणि हा कुठला तरी भंगारातला. ताज्या रंगाखाली ओळखायचा कसा? ह्यांच्या रीतीप्रमाणे जयंतीला मशीनला निळा रंग लागतो. चक हेमराजनं धुवायला उतरवला, रंग मी लावला, दुसऱ्या दिवशी चढवला पुन्हा त्यानंच.

सकाळी मी किल्ली मागितली.

"काऊन बाई?"

"राहू दे माझ्यापाशी."

त्यानं मुकाट गाठ सोडली. खरा माणूस भांडला असता, असं मला वाटलं.

नात संघप्रिया आयटीआयत टर्नरचं शिकलेली. तिनं चकात सरळ सळई धरली, तिला फरक मोजणारा सुईचा डायल टेकवला आणि हातानं चक फिरवला. मी हेमराजच्या तोंडाकडे पाहत बसले.

"जबड्यापाशी सुई दोन घरं हलते, वीतभर पुढं नऊ," ती म्हणाली. सळई फिरवून पुन्हा धरली, तरी तेच.

"म्हणजे चक बदलला?"

"म्हणजे तिरपा बसला, आजी."

चक उतरवून, तो ज्यावर बसतो त्या मागच्या प्लेटला तिनं डायल लावला. सुई जागची हलली नाही. मग हेमराज पुढे झाला. चक पालथा करून त्याच्या पाठीवरून त्यानं बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. नखानं खरवडलं तसा वाळका थेंब निघाला. वरून तेलानं काळा, आतून निळा.

कडेला रंग जाड मीच लावला होता. तो पाठीवर ओघळला होता. आणि तिथंच ह्यांनी खुणेसाठी पंचनं ठोकलेले, मी विसरलेले तीन ठिपके होते. चक आमचाच.

"मी फडकं मारलं, बोट नाई फिरवलं," हेमराज म्हणाला. "वामनभाऊ असते तं मले लय बोलले असते."

"वरोऱ्याले काऊन गेला होतास?"

"कामाले बोलावत होते. नाई सांगून आलो."

चक पुसून चढवला. सुई अर्धं घरही हलली नाही. मी किल्ली पुढे केली.

"राहू द्या बाई तुमच्यापाशीच. तुमी उघडल्यावर आत येत जाईन मी."

आता रोज नऊला मी दुकानावर जाते. तो माझ्याआधी येऊन बंद शटरपाशी उभा असतो. मी कुलूप काढते, शटर तो वर करतो.