भोपळ्याच्या पोटातलं दार

पंचवीस वर्षं मी कुत्र्यांच्या पोटात दुर्बीण घालून बघतोय, त्यामुळे मला सगळं कळतं. निदान माझा तरी तसा समज आहे.

त्या दिवशी टेबलावर माझ्या ताईचा कुत्रा होता, भोपळा. एके काळी त्याला ते नाव शोभायचं. आता नुसत्या बरगड्या. लहान आतड्यातला तुकडा काढून तपासल्याशिवाय आजार कळणार नव्हता, आणि हृदय इतकं थकलेलं की भूल एकदाच झेपली असती, हे ताईलाही ठाऊक होतं. "पंधरा मिनिटांत आणतो बाहेर," मी ताईला छातीठोकपणे सांगितलं.

भूल माझी बायको देते. तिनं भुलीआधी द्यायचं ब्युटोर्फेनॉल सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं.

"मॉर्फिन दे," मी म्हणालो.

"अहो, मॉर्फिननं जठराचं खालचं दार आवळतं. तुम्हाला तिथूनच आत शिरायचंय ना?"

"अगं, मला शिकवतेस?" खरं तर आम्ही एकाच वर्गात होतो आणि पहिली ती आली होती.

मॉर्फिन दिलं. भोपळा लगेच माझ्या बुटांवर ओकला. शहाण्याला शब्दाचा मार. मला ओकारीही पुरली नाही.

भूल चढली, दुर्बीण जठरात पोचली, पण दार गच्च बंद. मी दुर्बीण डावीकडून सरकवली, उजवीकडून सरकवली, हवा भरली, शेवटी "सोन्या, उघड रे" अशी गयावयाही केली. विसाव्या मिनिटाला बायको म्हणाली, "आता तरी ब्युटोर्फेनॉल देऊ? मॉर्फिनचा जोर उतरेल."

"थांब, होतंय."

कसलं होतंय डोंबल! पस्तिसाव्या मिनिटाला मॉनिटरची टिकटिक मंदावली. बाहेर ताई त्याचा पट्टा मांडीवर घेऊन बसली होती.

"दे," मी म्हणालो.

तिनं दिलं, ठोकेही सावरले. थोड्या वेळानं दार सैलावलं आणि दुर्बीण अलगद आत गेली. तुकडे निघाले. भोपळ्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

बाहेर जाताना मी 'केस फार अवघड होती' असं भाषण जुळवलं होतं. ताईचा चेहरा बघून ते सोडून दिलं.

"तो बरा आहे. उशीर माझ्यामुळे झाला, ताई. हिचं ऐकलं नाही मी. पुढच्या वेळी नक्की ऐकेन."

ताईनं पट्टा घट्ट धरला.

"बाळ्या," ती म्हणाली, "त्याला पुढची वेळ नव्हती रे."