तीन मिनिटं, न कापता

टेक पहिला.
बाळ उताणं, अंगावर फक्त लंगोट. वय तीन महिने. घरात सगळे म्हणतात ठमी.
दवाखान्यातल्या नर्सताईंनी बजावलं होतं, "तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. खुळखुळा नको, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. बाळाची वाढ नीट आहे ना, हे हालचालींवरून संगणक तपासतो. शंका आली तर डॉक्टर बघतात."
"अगं बाई, कोण हे?" आजी मध्ये घुसली. रद्द.

टेक दुसरा.
ठमी झोपली. रद्द.

टेक तिसरा.
जमला! पण ठमीचा बाप लग्नांचे व्हिडिओ करणारा. नवरीच्या शिंका नि सासऱ्यांच्या जांभया कापण्यात हयात गेलेली. ठमीचा उजवा हात नाचत होता, डावा मात्र मूठ आवळून गप्प. त्याने डाव्याचे तुकडे कापले, उरलेले जोडले, पाठवून दिला.
उत्तर आलं : 'व्हिडिओ सलग नाही.'
मागोमाग नर्सताईंचा फोन. "दादा, तुमची पोर यात अकरा वेळा जागच्या जागी उडी मारते. काय कापलंत?"
"डावा हात, हलतच नव्हता. माझी आई म्हणते, बोभाटा नको. पोरीवर शिक्का बसेल."
"अहो, यंत्र फक्त म्हणतं, इथे नीट बघा. शिक्का आपण मारतो! हात लपवलात तर त्याला व्यायाम कोण देणार? आत्ताच तर मेंदू भराभर शिकतोय."

कापलेले तुकडे.
त्याने ते पुन्हा लावून पाहिले. डावा हात तसाच निपचित. आणि ठमी थेट त्याच्याकडे बघून हसत होती. कॅमेऱ्यातलं पहिलं हसू! तेच त्याने कापलं होतं!
आजी मागून बघत होती. "मेल्या, हे कापलंस?"
"तूच म्हणालीस ना..."
"मला काय कळतंय! पुन्हा काढ, आणि सगळं पाठव."

टेक चौथा.
तीन मिनिटं, एकही कट नाही. बायकोने सासूबाईंच्या तोंडावर हात धरला होता.
संगणकाला शंका आली. डॉक्टरांनी ठमीला तपासलं, डाव्या हाताचे व्यायाम शिकवले. घरात पाळ्या लागल्या. सगळ्यात कडक मास्तर आजी.

टेक पाचवा, सहा महिन्यांनी.
ठमी बसलीय. डावा हात उठतो, डगमगतो, पुढे येतो... आणि कॅमेरा गच्च धरतो! पडदा काळा. नुसता आरडाओरडा ऐकू येतो, त्यात आजीचा वरचा सूर : "खबरदार, कापलंस तर!"

मंडळी, लेकरांचं जे दाखवायला आपण बिचकतो, तेच आधी दाखवूया. मदतीला तिथूनच सुरुवात होते.