भागीची उडी

पिंपळगाव बसवंतच्या त्या पॅकहाउसात भागीबाईला कोणी भागीबाई म्हणत नसे. हिरोइन म्हणत. नाव सुपरवायझर किशोरने पाडलं होतं, आणि सुपरवायझरने पाडलेलं नाव आधार कार्डापेक्षा पक्कं असतं.

अकरा हंगामांपूर्वीची गोष्ट. टेबलाच्या दोन्ही अंगांना बाया डोक्यावर टोप्या घालून उभ्या, हातात कात्र्या, द्राक्षांच्या घडातले सडके मणी काढणं चाललेलं. किशोर कोणाला तरी फोनवर ‘सोनदरीचा नकाशा’ या सिनेमाचं कौतुक सांगत होता. लहानपणी त्याने तो नाशिकला टॉकीजमध्ये सात वेळा पाहिला होता. तीन पोरं, एक नकाशा, मागावर काचेच्या डोळ्याचा दरोडेखोर, आणि शेवटी ती पोरगी कड्यावरून खाली डोहात उडी घेते. भागीबाईने कात्री न थांबवता सांगितलं, "ती उडी मारणारी मी हाय."

सगळं टेबल हसलं. त्या दिवसापासून हिरोइन.

भागीबाई खरं बोलली होती. पण गरिबाने खरं सांगितलं की ती फुशारकी होते, आणि पैसेवाल्याने फुशारकी मारली की तिची मुलाखत छापून येते. ही जगाची रीत तिला नऊ वर्षांची असतानाच कळली होती.

तेव्हा सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावर तीन जीपगाड्या आणि एक घोडा आला. अकरा दिवस मुक्काम. शहरातली जी पोरगी सिनेमात काम करत होती, तिने कड्यावरून डोहात डोकावून पाहिलं आणि रडायला लागली. मग टोपीवाल्या साहेबाने पाड्यावरच्या पोरांना विचारलं, पोहायला कोणाला येतं? भागी पुढे झाली. तिच्या अंगात त्या पोरीचा पिवळा फ्रॉक चढवला, केसांना लाल रिबीन बांधली. भागीने उडी मारली. वर आली तर एक बाई धावत आली आणि ओला फ्रॉक तिथल्या तिथे उतरवून घेऊन गेली. पुढच्या सीनला तो वाळवून इस्त्री करायचा होता. घोड्याच्या अंगावर घोंगडी टाकायला माणूस होता. भागी बापाचा पंचा गुंडाळून घरी गेली. हातात बिस्किटाचा पुडा.

दुसऱ्या वर्षी यात्रेच्या तंबूत तोच सिनेमा लागला. अख्खा पाडा चालत गेला. भागी सगळ्यात पुढे, धुळीत मांडी घालून बसली. पडद्यावर पिवळ्या फ्रॉकची पोरगी कड्याकडे धावली, आणि पुढच्याच क्षणी काठावर बसून केस पिळायला लागली. मधली उडी गायब. फिल्म तिथे फाटली होती. तंबूवाल्याने खराब तुकडा कापून दोन टोकं चिकटवली होती. हे पोरीला कोण सांगणार? पाड्याने तिला वेड्यात काढलं. ती उठून बाहेर गेली, सिनेमाचा शेवट तिने पाहिलाच नाही. तेव्हापासून पाड्यावर कोणी थापा मारल्या की म्हणतात, ही बघ भागीची उडी.

चाळीस वर्षं माणसाला खोटं ठरवलं की एक वाईट गोष्ट होते. माणूस स्वतःलाच विचारायला लागतो, खरंच मारली होती का उडी, की ताप आला होता? भागीबाईला हल्ली अधूनमधून असं वाटायचं. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, सोबतीण लंकाबाईलासुद्धा नाही.

यंदाच्या हंगामात किशोरकडे त्या सिनेमाची डिस्क आली. मूळ फिल्म कुठल्याशा डब्यात सापडली म्हणे, एकेक चित्र धुऊन-पुसून, रंग पहिल्यासारखे करून कोणी ती बाजारात आणली होती. आता घरात डिस्क लावायचं यंत्र कोणाकडे असतं? किशोरने तेही विकत घेतलं. डिस्कच्या सोबत एक रंगीत पुस्तक होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्या सिनेमातल्या पोरीची, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या बाईची, त्यात आठवण छापली होती. ‘ती उडी मी स्वतः मारली. आईला आधी सांगितलंच नाही.’

"ऐकलंस का हिरोइन?" किशोर म्हणाला. "आता तर छापून आलं."

भागीबाईने भाकरी डब्यात ठेवली. "दाखवा मला."

"काय दाखवू?"

"पिक्चर. तुमच्याकडं हाय ना, मग दाखवा. उडी मारायच्या आधी मी दगड टाकला व्हता डोहात. तो दिसंल."

"कसला दगड?"

"आमच्याकडं नव्या पाण्यात तसंच कोणी शिरत नाय. त्या कड्यावरून त्या डोहात कोणीच उडी घेतली नव्हती. आधी दगड टाकायचा, पाण्याला सांगायचं मी येते म्हणून. लाटा काठाला लागल्या की मग उडी. तो टोपीवाला खालून वरडत व्हता, मार मार. मी नाय मारली. लाट काठाला लागू दिली."

लंकाबाई त्याच बाजूची. तिने मान हलवली. "हे खरं हाय भाऊ. आमचं पोरगं अजून तसंच करतं."

किशोर चिडला. त्याच्या लहानपणात कोणीतरी हात घातला होता. "सात वेळा पाहिलाय मी. दगडबिगड काही नाही. ती नुसती उभी राहते. मागून दरोडेखोर जवळ जवळ येतो आणि ही हलत नाही. अख्खी टॉकीज श्वास धरून बसायची. त्याला ॲक्टिंग म्हणतात."

"मग रविवारी लावा."

"लावतो. दगड दिसला नाही तर हा विषय कायमचा बंद."

"आन दिसला तर?"

"दिसला तर या सगळ्या बायांसमोर क्रेटवर उभा राहून सांगेन."

रविवारी सुट्टी. सकाळी अकराला दोघी नाशिकच्या आडगाव नाक्यावर उतरल्या आणि किशोरच्या फ्लॅटवर गेल्या. दोघी सवयीने फरशीवर बसायला लागल्या, तर किशोरची बायको मोहिनी म्हणाली, "मावशी, सोफा काय दाखवायला ठेवलाय का? वर बसा." तिने पोहे आणले. किशोर रिमोट घेऊन असा बसला होता, जसा काही तो सिनेमा त्यानेच काढलाय.

सिनेमा सुरू झाला, आणि भागीबाईला पहिल्या पाच मिनिटांत पैज आठवेनाशी झाली. तंबूत तिने पाहिला होता तो पावसात भिजल्यासारखा, ओरखडे पडलेला. आता समोर तिचा डोंगर होता. हिरवा, काल पाहिल्यासारखा. "लंके, ते मोहाचं झाड बघ," ती म्हणाली. "आता नाय ते. त्याच्या बुडी आम्ही गुरं बसवायचो." किशोरही मध्ये मध्ये बोलत होता. आता दोर तुटणार. आता घोडा खिंकाळणार. घोडा खिंकाळला की तो नऊ वर्षांच्या पोरासारखा मांडीवर थाप मारी. मोहिनी म्हणाली, "पंधरा वर्षांत माझ्याकडे बघून इतके खूश झाले नाहीत हे."

मग कडा आला. भागीबाईने पोह्याची बशी खाली ठेवली. इथेही फाटलेलं असलं तर?

पिवळा फ्रॉक धावत आला. कड्याच्या टोकाशी थांबला. पाठमोरा. चेहरा दिसत नव्हता, लाल रिबीन तेवढी दिसत होती. पोरीने उजवा हात जरासा पुढे केला. मग ती उभीच राहिली. मागून काचेच्या डोळ्याचा दरोडेखोर एकेक पाऊल पुढे येत होता. एक श्वास. दोन. तीन. आणि पोरगी हवेत.

"दिसला का दगड?" किशोर म्हणाला, पण त्याचा आवाज जरा खाली आला होता. तो हात याआधी कधी त्याच्या ध्यानात आला नव्हता.

"मागं घ्या," लंकाबाई म्हणाली.

त्याने मागे घेतलं, हळू लावलं. हात पुढे आला. बोटं उघडली. मुठीतून काहीतरी काळं, बोराएवढं सुटलं आणि खाली गेलं. खाली, कड्याच्या कडेशी डोहाचा जो तुकडा दिसत होता, तिथे एक गोल उमटला. गोल मोठा झाला. पोरगी उभी. गोल पसरत पसरत काठाच्या खडकाला लागला, आणि त्याच क्षणी पोरीचे पाय सुटले.

जुन्या फिल्मवरच्या ओरखड्यांत बोराएवढा दगड कोणाला दिसणार होता? किशोरने तीनदा मागे घेतलं. चौथ्यांदा त्याने रिमोट टीपॉयवर ठेवला.

"ती ॲक्टिंग नव्हती," तो म्हणाला.

"नाय भाऊ. लाट बघत व्हते."

"मी सात वेळा…" तो एवढंच बोलला. मग उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आला. परत आला तेव्हा म्हणाला, "भागीबाई, त्या तीन श्वासांसाठी मी सात वेळा तिकीट काढलं होतं. माझे वडील म्हणायचे, तेच तेच काय बघतोस."

भागीबाई पडद्यावरच्या पाठमोऱ्या पोरीकडे बघत होती. केवढी बारीक होती. आणि अजिबात घाबरलेली नव्हती. ताप नव्हता तो, झालं होतं तसंच झालं होतं. तिने बशी उचलली आणि उरलेले पोहे सावकाश खाल्ले.

"पुढं लावा की," ती म्हणाली. "खजिना घावतो का नाय?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी कुठं बघितला. तंबूतून उठून गेले व्हते."

मग चौघांनी शेवटपर्यंत पाहिला. खजिना सापडला, दरोडेखोर स्वतःच्याच खड्ड्यात पडला, भागीबाई पोट धरून हसली. नावांची पाटी वर सरकायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

"माझं नाव हाय का?"

किशोरने पाटी मागे घेऊन पुन्हा वाचली. नव्हतं. पुस्तकही त्याने सगळं वाचलं होतं, तिथेही नव्हतं.

"घोड्याचं हाय?"

"आहे. बादल."

"बरं," भागीबाई म्हणाली. "त्याला घोंगडीबी व्हती."

मोहिनी खदखदून हसली, मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "त्या बाईला कळवायला हवं," ती म्हणाली. "खोटं छापलंय तिने."

"तिचंबी चालू दे वहिनी. रडली व्हती बिचारी. पर फ्रॉक मात्र तिनं तेव्हा द्यायला पायजे व्हता."

सोमवारी सकाळी किशोरने शब्द पाळला. पाळावा लागला, कारण लंकाबाईने टेम्पोतून उतरायच्या आधीच निम्म्या बायांना दगडासकट सगळं सांगून टाकलं होतं. तो क्रेटवर चढला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सोनदरीच्या नकाशातली उडी या भागीबाईंनी मारली आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. इतकी वर्षं हसलो, ते चुकलं. आता कामाला लागा."

ज्या बाया अकरा हंगाम हसल्या होत्या, त्यांच्यातली सगळ्यात मोठ्याने हसणारी नवसाबाई म्हणाली, "मला पैल्यापासून ठावं व्हतं. तिच्या चालण्यावरनंच दिसतंय."

भागीबाईने पुढचा घड उचलला.

किशोर क्रेटवरून उतरून तिच्यापाशी आला. "भागीबाई, तो वरचा घड…"

"हिरोइन म्हणा," ती घडातला सडका मणी काढत म्हणाली. "आता कशाला बदलता?"

"आणि पाड्यावर?" लंकाबाईने विचारलं. "तिथं कधी सांगायचं? ती उडी माझ्या नातीच्या, निकिताच्या मोबाइलमधी घेऊन जाऊ."

भागीबाईने घड उजेडात धरून फिरवून पाहिला. एकही डाग नव्हता.

"तू सांगितलंस ना टेम्पोत," ती म्हणाली. "दगड पडलाय. लाट जाऊ दे काठापर्यंत, मग जाते."