पट्टीखालचा अभिप्राय

त्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस चार कोरी पाने शिवलेली असत. पुस्तक वाचून परत करणाऱ्याने आपले मत त्या पानांवर लिहावे, खाली नावाऐवजी सदस्य क्रमांक घालावा आणि पुढच्या वाचकाने ते मत वाचून मगच ग्रंथात प्रवेश करावा, अशी तेथील रीत होती. ही रीत ग्रंथपालांनी घातली होती. ते पूर्वी शाळेत संस्कृत शिकवीत. निवृत्तीनंतर औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावरील हे ग्रंथालय त्यांनी हाती घेतले, आणि सारे त्यांना गुरुजीच म्हणत राहिले. रोज सकाळी, खिडक्या उघडून झाल्यावर, परत आलेल्या पुस्तकांतील नवे अभिप्राय ते स्वतः वाचीत. कोणी तिथे क्रियापद विसरले असेल तर पेन्सिलीने हलकेच समासात लिहून ठेवीत. पण मत कितीही उथळ असले तरी त्याला हात लावीत नसत. वाचकाचे मत ही त्यांच्या लेखी ठेव होती.

अपवाद एकच, आणि तो रहस्यकथांचा. रहस्यकथेचा शेवट अभिप्रायात कोणी सांगू नये, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला होता. जो सांगेल त्याच्या अभिप्रायावर गुरुजी कागदाची पट्टी चिकटवीत. त्यासाठी लागणारी खळ ते स्वतः शिजवीत; तीत गुठळी राहू देत नसत. मुले त्यांना माघारी चिकटगुरुजी म्हणत. पुस्तकांची बांधणी करणारे मामा कोपऱ्यातल्या आपल्या मेजावरून हेच तोंडावर म्हणत, आणि वर पुस्ती जोडत की गुरुजींना सवड मिळाली तर ते सूर्यास्तावरही पट्टी लावतील, कारण दिवसाचा शेवट त्यात आधीच कळतो.

एका दुपारी, वाचनकक्षात दोघेतिघेच असताना, एक बाई जिना चढून वर आल्या. शिलाईच्या दुकानात काजे-बटणे करणाऱ्या त्या बाईंना गुरुजींनी ओळखले, कारण त्यांच्या बोटावर कामाचे अंगुस्तान तसेच राहून गेले होते. त्यांची चौदा वर्षांची मुलगी तीन महिन्यांपूर्वी हृदयाच्या दुखण्याने गेली होती. सडपातळ आणि बोलायला टोकदार म्हणून मामांनी त्या मुलीला टाचणी हे नाव दिले होते. तिची जिवलग मैत्रीण ढापणी. ढापणीच्या वडिलांचे चष्म्यांचे दुकान होते आणि मुलीच्या नाकावरचा जाड चष्मा ही त्या दुकानाची चालती-बोलती जाहिरात होती. दोघी पाच वर्षे एकाच बाकावर, एका पुस्तकात डोके घालून वाचत असत. जी आधी पान संपवी ती दुसरीच्या कोपराला टोचे. गेल्या हिवाळ्यानंतर मात्र त्या एकत्र दिसल्या नव्हत्या. मुलींचे भांडण, मिटेल, असे समजून गुरुजींनी विचारले नव्हते.

आईने सदस्यपत्र मेजावर ठेवले आणि बाकाच्या कडेला बसून, फार वेळ न लावता, आपले येण्याचे कारण सांगितले. चौथ्या मजल्यावरच्या घरातून मुलीला अखेरच्या दिवसांत उतरता येत नव्हते. पुस्तके आईच नेई-आणी. मैत्रीण का येत नाही, मी तिला बोलावून आणू का, असे तिने अनेकदा विचारले. पण मुलीचे एकच उत्तर होते, की बोलावून आणलेली नको, आपण होऊन आलेली हवी. मग एके दिवशी ती म्हणाली, मी तिला पुस्तकात लिहिलंय, आता ती येईल. आईला ते तापातले बोलणे वाटले. पण त्यानंतर दर रविवारी मुलगी सकाळीच केस विंचरून मागत असे, आणि दुपारभर तिचे लक्ष दाराकडे असे.

“ती आली नाही,” आई म्हणाली. “गुरुजी, मला एवढंच बघायचंय, की माझ्या मुलीनं खरंच काही लिहिलं होतं का, आणि त्या मुलीनं ते वाचलं का. वाचूनसुद्धा आली नसेल, तर मला जन्मात तिचं तोंड बघायचं नाही. आणि वाचलंच नसेल, तर मी उगाच एका लेकराला शिव्याशाप देत बसलेय. दोन्हींपैकी एक काय ते कळू दे.”

गुरुजींनी देवघेवीची वही काढली. टाचणीने शेवटी नेलेले पुस्तक एक किशोरांसाठीची रहस्यकादंबरी होती. बंदराच्या गावातील शाळेची पितळी घंटा नाहीशी होते. दोन मैत्रिणींपैकी एकीवर आळ येतो. ती एकोणीस प्रकरणे तोंड उघडत नाही, आणि अखेरीस उलगडते की घंटा तिच्या मैत्रिणीनेच नेली होती व हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मागणी फार असल्याने त्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवलेली असे. पुस्तक हाती असलेल्या वाचकाने त्वरा करावी म्हणून तीवर पुढच्या वाचकाचा क्रमांक लिहीत. वहीत टाचणीच्या खालोखाल ढापणीचा क्रमांक होता. पुस्तक तिच्याकडे आठ दिवस होते.

आईने वहीतील त्या ओळीवर बोट ठेवले.

पुस्तक कपाटातच होते. गुरुजींनी ते आईच्या हाती दिले. अखेरची पाने गजबजलेली होती. एकाने लिहिले होते, ‘चोर कोण ते मला चाळिसाव्या पानावरच कळलं. आमच्या घरी सगळे असेच हुशार आहेत.’ कोणा दुसऱ्याचे मत होते, की मैत्रिणीसाठी गप्प बसणं ठीक आहे, पण एकोणीस प्रकरणं गप्प बसणं आमच्या ताईला तर जमायचंच नाही. एका प्रौढ वाचकाने, बहुधा कोणाच्या तरी वडिलांनी, घंटेचे वजन पाहता ती एकट्या मुलीला उचलणे अशक्य असल्याचे गणित मांडले होते. तिसऱ्या पानावर एका लहान, गोल अक्षरात एवढेच होते: ‘अशी मैत्रीण मला पण हवी. कोणाला माहीत असेल तर कळवा.’ आई प्रत्येक अक्षर ओठ हलवीत वाचत गेली आणि त्या मतांखालचे क्रमांक मुलीच्या पत्रावरील क्रमांकाशी ताडून पाहत राहिली. चौथ्या पानावर तळाशी तो क्रमांक सापडला. त्याच्या वर, पानाच्या अर्ध्याहून अधिक भागावर, पांढरी पट्टी होती. कडा सरळ, कोपरे नीट बसलेले.

“हे काय?” आईने विचारले.

गुरुजींनी सवयीने सांगितले, की अभिप्रायात शेवट सांगितला होता, म्हणून तो झाकावा लागला. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच कानी पडले.

“तुम्ही वाचलं होतं ना ते? काय होतं त्यात?”

“पहिली ओळ वाचली,” गुरुजी म्हणाले. “शेवट पहिल्याच ओळीत सांगितला होता. पुढचं मी वाचलं नाही.”

कोपऱ्यात मामांचा हातोडा थांबला होता.

ग्रंथाचा अर्थ उपक्रम आणि उपसंहार, आरंभ आणि अखेर, दोन्ही मिळून ठरतो. नुसत्या आरंभावरून निर्णय देणारा अधिकारी नव्हे, असे गुरुजींनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले होते. मोठमोठ्या भाष्यांविषयी सांगितले होते. एका मुलीच्या दहा ओळींना तो न्याय लावावा असे त्या सकाळी त्यांना सुचले नव्हते; खळ तयार होती, आणि हात सवयीचा होता.

मामा आपली खुर्ची ओढून जवळ आले. उजेडासमोर धरलं तर थोडंफार दिसेल, असे ते म्हणाले. पण आईला थोडे नको होते. तेव्हा त्यांनी टीपकागद पाण्यात बुडवून पिळला, पट्टीवर पसरला, वर तळहात ठेवून थांबले. खळ चांगली शिजवलेली असली की सुटायला वेळ लागतो, एवढेच ते म्हणाले, आणि ते बोलणे टोमणा म्हणून निघाले नव्हते तरी गुरुजींनी मान खाली घातली. तीन वेळा टीपकागद बदलल्यावर त्यांनी बांधणीची हाडाची पातळ सुरी कडेखाली सारली आणि ती कपाळावरची ओली घडी काढावी तशी सावकाश कागद उचलत गेली. खालून अक्षरे वर आली. शेवटची अर्धी ओळ मात्र कागदाबरोबर निघून गेली. तिथे पान खरवडलेले, लवदार दिसू लागले.

आईने पुस्तक गुरुजींपुढे केले. डोळे भरून आल्याने तिला अक्षरे दिसत नव्हती. गुरुजींनी वाचले:

‘शेवट सांगते. घंटा कोणी नेली हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी ती बोलत नाही. गुरुजी, माफ करा, नियम मोडतेय, पण चिठ्ठीवर पुढचा नंबर ढापणीचा आहे. ढापे, वार्षिक सभेत गुरुजींनी तुझा म्हणून जो अभिप्राय वाचला तो माझा होता. मी जिन्यात तुला बोलून दाखवला आणि तू घरी जाऊन लिहिलास. मला तेव्हाच कळलं. दोन दिवस खूप राग आला. मग गेला. पण तोवर तू दिसेनाशी झालीस. मला आता जिना उतरता येत नाही. तू ये. रविवारी ये, रविवारी आई घरी असते, दार उघडायला कोणीतरी लागतं. त्या गोष्टीवर आपण काही बोलायचं नाही. येताना’

पुढे खरवडलेला कागद होता.

ती सभा गुरुजींना आठवली. पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाविषयीचा तो अभिप्राय त्यांनी स्वतः निवडला होता, उच्चासनावरून वाचला होता. ढापणी मान खाली घालून उभी होती. त्यांनी तो विनय समजून कौतुक केले. पहिली टाळी टाचणीने वाजवली होती.

त्यांनी वहाणा घातल्या. कामाच्या वेळात गुरुजी ग्रंथालय सोडून गेल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. मामा म्हणाले, मी जाऊन घेऊन येतो. गुरुजी म्हणाले, नाही, हे मीच करायचं. चष्म्याच्या दुकानात ढापणी काउंटरमागे बसून काचा पुसत होती. तिच्या वडिलांना त्यांनी एवढेच सांगितले, की ग्रंथालयाकडून मुलीच्या बाबतीत एक अपराध घडला आहे आणि तो तिला दाखवायचा आहे. रस्त्याने त्यांनी तिला सर्व सांगितले. जिन्यापाशी आल्यावर, वर काकू आहेत का, असे तिने विचारले, आणि हो म्हटल्यावर कठड्याला धरून थोडी थांबली.

वर येऊन तिने उभ्यानेच पान वाचले. दोनदा वाचले. मग चष्मा काढला आणि तो हातातच ठेवला.

“हे पुस्तक माझ्याकडे आठ दिवस होतं,” ती म्हणाली. “पट्टी बघितली. खाली तिचा नंबर होता. मला वाटलं, हिनं शेवट फोडला आणि हिला पट्टी बसली. मला हसूच आलं. खूप दिवसांनी आलं.”

मामांनी हळूच विचारले, की पोरं खिडकीशी धरून पट्ट्यांखालचं वाचतात, ते तिला माहीत नव्हतं का. गुरुजींना हे नवीन होते. त्यांनी मामांकडे पाहिले.

“सगळ्यांच्या वाचते मी,” ढापणी म्हणाली. “तिची नाही वाचली. एकदा तिचं चोरलं होतं. परत चोरून कसं वाचायचं?”

गुरुजी त्या दोघींसमोर हात जोडून उभे राहिले. दोष आपला आहे, मुलीचा नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटले. त्याला दुजोरा म्हणून शास्त्रातले एकही वचन जोडले नाही. आईने ऐकले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि केली नाही असेही नाही. तिला जे जाणून घ्यायचे होते ते कळले होते. पण मान हलवून उठून जाण्याऐवजी ती तशीच बसून राहिली, अंगुस्तान बोटावर फिरवत. मग ढापणीकडे न पाहता तिने विचारले:

“वाचलं असतंस, तर आली असतीस का गं?”

हो म्हणणे किती सोपे होते. ढापणीने चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. वाचनकक्षातील एक वृद्ध सदस्य वर्तमानपत्राची घडी घालत होता. त्याचा सरसर आवाज थांबला.

“पहिल्या रविवारी नसते आले, काकू,” ती म्हणाली. “लाज वाटली असती. खालपर्यंत येऊन परत गेले असते. पण दुसऱ्या रविवारी आले असते. नक्की.”

आईने बोटावरचे अंगुस्तान काढून मुठीत धरले.

“पाच रविवार होते,” ती म्हणाली.

आणि बाकावर थोडी सरकून तिने मुलीला बसायला जागा केली.