पाठीवरचा चहा

साल १९७३. त्या वर्षी मलेशियातल्या पिनांग बेटावर चुलिया रस्त्यावर जटा वाढवलेली गोरी पोरंपोरी घोळक्याघोळक्यानं उतरत होती, आणि त्याच वर्षी चुआ आडनावाच्या मुलीनं चुआ आडनावाच्या मुलाशी कचेरीत सही करून लग्न केलं. पहिल्या गोष्टीची शहराला लवकर सवय झाली. दुसरीची व्हायला वेळ लागला.

मुलगी सुआत लान. बंदरावर होडी वल्हवणाऱ्याची लेक, चिनी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. मुलगा केंग होई, टेलिफोनच्या तारा जोडायचा. दिवसभर खांबावर चढून असल्यामुळे की काय, खाली उतरला की फारसं बोलायचा नाही. त्याचे वडील तेक सेंग लाकडी चपला बनवायचे. दोन्ही घरांची चीनमधली गावं वेगळी, कुळदेव वेगळे, आजे वेगवेगळ्या जहाजांतून आलेले. पण आडनाव एक.

"चुआनं चुआशी लग्न करायचं नसतं," तेक सेंग म्हणाले. "हे मी ठरवलेलं नाही. मी ठरवलं असतं तर बदललं असतं."

सरकारचा कागद हाती होता. पण कागदानं लग्न होतं असं फक्त सरकारला वाटतं. लग्न होतं ते चहानं. नवरानवरीनं गुडघे टेकायचे, वाळवलेली लाल बोरं घातलेला गोड चहा दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि घरातल्या थोरामोठ्यांनी तो प्यायचा. प्यायले म्हणजे सून घरात आली. नाही प्यायले, तर ती कोण, कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. तेक सेंगनी कपाला हातही लावला नाही. समोर चहा गार होत गेला आणि ते चपलेला पट्टा ठोकत राहिले.

मग ही दोघं काकांकडे गेली. थोरला काका म्हणाला, दादानं प्यायल्याशिवाय मी कसा पिऊ? धाकटा म्हणाला, थोरल्यानं प्यायल्याशिवाय मी कसा पिऊ? सुआतच्या आईचीही अडचण तीच. तिला जावई पसंत होता. "चुआ असो नाहीतर माकड असो, जेवल्यावर स्वतःची वाटी स्वतः धुतो," ती म्हणायची. पण मुलाकडचा चहा आधी, मुलीकडचा नंतर. रीत म्हणजे रीत.

सुआतनं घरी येऊन कप विसळता विसळता विचारलं, "तुझ्या बाबांपेक्षा थोरलं कोण आहे?"

"कोणी नाही."

तिनं दुसरा कप विसळायला घेतला.

"म्हणजे, आत्या आहे," केंग म्हणाला. "पण तिचं नाव घरात काढत नाहीत."

थोरली आत्या चुई नेओ तरुणपणी नाटकमंडळीतल्या लिम नावाच्या नटाबरोबर निघून गेली होती. नट वारला, मंडळी तिच्याकडे राहिली. दक्षिण थायलंडात जिथे जिथे आपल्या चिनी लोकांची देवळं, तिथे तिथे तिचा मांडव पडायचा.

"म्हणजे ती प्याली की बाबांना प्यावाच लागेल," सुआत म्हणाली. "आणि सातवा महिना लागायच्या आत. राहते कुठे ती?"

"जिथे जत्रा असेल तिथे."

"मग आपण तिथे जायचं."

चिनी पंचांगातला सातवा महिना पितरांचा. तो लागला की शुभकार्यं बंद, आणि नंतर बोलणी पुन्हा मुळापासून. शाळेनं रजा नाकारली तेव्हा सुआतनं नोकरी सोडली. शाळा काय, शहरात पुष्कळ आहेत, असं तिनं हेडमास्तरांनाच सांगितलं.

पेटी घेऊन जायचं नाही हेही तिनंच ठरवलं. पेट्या बसच्या टपावर फेकतात, कप फुटले तर? चुलिया रस्त्यावर एक गोरं जोडपं घरी परतण्यापूर्वी सामान विकत बसलं होतं. त्यांच्या दोन पाठपिशव्या तिनं घेतल्या, उकळत्या पाण्यातून दोनदा काढल्या आणि किटली, कप, चहा नि बोरं नेसायच्या सारोंगांत गुंडाळून आपल्या पिशवीत भरली. दोघं पाठीवर ओझं घेऊन गल्लीतून निघाली तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं, हमाली करायला निघालात की भीक मागायला?"

"चहा पाजायला," सुआत म्हणाली.

सरहद्दीवरच्या अंमलदारानं दोघांना रांगेतून बाजूला घेतलं. पाठीवर पिशव्या म्हणजे हिप्पी, हिप्पी म्हणजे गांजा. त्यानं सारोंग उलगडलं, चहाची पुडी नाकाला लावली, एक बोर दाताखाली फोडून पाहिलं.

"हे काय?"

"लग्न," केंग म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो पहिला शब्द होता.

अंमलदारानं किटलीवरचं लग्नाचं लाल चिनी जोडाक्षर पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि आणखी एक बोर उचललं. "त्याला मोजून आणलीत म्हणून सांग," सुआत केंगला म्हणाली. अंमलदाराला आपली भाषा कळते हे तो हसला तेव्हा कळलं. पण त्यानं सारोंग पुन्हा नीट गुंडाळून दिलं.

थायलंडात हात याई नावाच्या गावी पोचली तर देवळासमोर मांडवाचे बांबू तेवढे उरलेले. पुजारी म्हणाला, सोंगखलाला गेली मंडळी. सोंगखलाला समुद्राकाठी मासे वाळत पडले होते आणि मंडळीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. तिथून त्रांग. त्रांगला सकाळी कॉफी पिताना भाजलेलं डुक्कर कापणाऱ्यानं सांगितलं, आत्ताच गेली, फुकेतला, आणि त्या म्हातारीनं घासाघीस करून माझा जीव खाल्ला. सुआतला इतका आनंद झाला की तिनं त्याच्याकडून मांस जास्तच घेतलं.

या सगळ्या गावांत लॉजवाले विचारायचे, नवराबायको का? सुआत ठणकावून हो म्हणायची. खोलीत गेल्यावर मात्र चहाची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवायची.

"सरकारचा कागद आहे ना?" केंग एकदा म्हणाला.

"सरकारला झोपायला बोलाव मग."

तो हसला. पिशवीवर हात ठेवून झोपला. भरल्या बसमध्ये तो उभ्यानं प्रवास करायचा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून चहाची पिशवी पोटाशी धरून. बायका त्याला जागा द्यायच्या, विचारायच्या, तान्हं किती दिवसांचं? सुआतच्या मनात याच्याविषयी आधीही शंका नव्हती. पण फुकेतच्या पुलावरून बस जाताना तिला वाटलं, चहा कुणी पिवो न पिवो, माणूस मी बरोबर निवडला.

फुकेतला देवळाच्या आवारात मंडळी सापडली. रंगपडद्यामागे एक लहानखुरी बाई राणीचं काम करणारीचा चेहरा रंगवत होती. तोंडात विडा, ओठ लालभडक. केंगनं नाव सांगितलं. हातातली कुंचली थांबली नाही.

"सेंग्याचा मुलगा. नाक त्याचंच. आणि ही?"

"मी सुआत लान. मीही चुआच."

आता मात्र कुंचली थांबली. सगळी हकीकत ऐकून आत्या विड्याची पिंक टाकून आली.

"चहा पिते गं मी. दिवसभर तेच तर करते. पण सेंग्या म्हणेल, म्हातारीला चळ लागला. त्यापेक्षा सोपं सांगते. मी लिमची बायको. तुला लेक म्हणून घेते. देवापुढे उदबत्ती लावली की तू लिम. मग लिमची मुलगी चुआच्या घरात. बोलायला जागा नाही. आमच्या मंडळीत निम्मी पोरं अशीच आलेली आहेत."

मार्ग खरंच सोपा होता. केंगचा चेहरा उजळला. सुआतनं पिशवी पाठीवरून उतरवून खाली ठेवली.

"नाही आत्या."

"का गं?"

"माझे वडील जन्मभर होडी वल्हवून वारले. होडी भाड्याची होती, वल्ही भाड्याची होती. माझ्याजवळ त्यांचं म्हणून हे एक नाव आहे. चहासाठी नाही सोडणार."

"मग घरी जा. मला राणी रंगवायची आहे."

आत्यानं पुन्हा कुंचली उचलली. मग केंग म्हणाला, "मला घे."

"काय?"

"मला मुलगा करून घे. मी लिम होतो. तिनं नाव कशाला सोडायचं?"

सुआतनं त्याच्याकडे वळून पाहिलं. थोरला मुलगा तो. बापाच्या मागे देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची ती त्यानंच. असं वाक्य त्यांच्या गल्लीत कधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

आत्या आधी हसली, मग हसायची थांबली. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं मंडळीच्या हिशेबनीसाला हाक मारली आणि पिनांगला तार करायला सांगितलं: केंग होईला मुलगा करून घेते, महिना संपायच्या आत उरकते, यायचं तर ये.

तेक सेंगनी जन्मात बेट सोडलं नव्हतं. ते आले ते आगगाडीनं नि बसनं, लाकडी चपला घालून, वाटेत सगळं ओकून, चेहरा हिरवा करून. बहिणीला त्यांनी कित्येक वर्षांनी पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "अक्का, माझा मुलगा दे."

"बस आधी. लिंबू देऊ?"

"लिंबू नको. तू त्याला लिम करणार म्हणे. कशी करणार? तू स्वतः लिम कुठे आहेस? तुझा चहा आपल्या घरात कुणी प्यालं होतं?"

आत्या खाली बघत होती. तिची मान वर आली तेव्हा सुआतला दिसलं, ही बाई आता रंगमंचावर आहे.

"पुन्हा म्हण," आत्या म्हणाली.

"लाख वेळा म्हणेन. तुझं लग्न आपल्या घरानं मानलेलं नाही. तू लिम नाहीस."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" नटांनी माना डोलावल्या. "म्हणजे मी अजून चुआच. आपल्या बाबांची थोरली मुलगी. बरोबर ना, सेंग्या?"

तेक सेंगनी मनात हिशेब केला. लिम म्हणावं तर मुलगा जातो. चुआ म्हणावं तर घरातली सगळ्यांत थोरली तीच, आणि थोरलीनं प्यायल्यावर धाकट्यानं नाही म्हणायचं नसतं. ते स्टुलावर बसले.

"सुआत, चहा," आत्या म्हणाली.

सुआतनं सकाळपासून पाणी उकळत ठेवलं होतं. तिला तरी हे कसं संपणार ठाऊक नव्हतं, पण चहा लागणार एवढं नक्की होतं. दोघांनी गुडघे टेकले. आत्यानं विडा थुंकला, चूळ भरली आणि कप एका दमात रिकामा केला. मग दुसरा कप तेक सेंगपुढे आला. त्यांनी तो धरला, वाफेकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"बोरं कमी आहेत," ते म्हणाले.

"सरहद्दीवर खाल्ली, बाबा."

त्यांनी तळापर्यंत चहा प्यायला. मग कप खाली न ठेवता विचारलं, "दाजींचा फोटो कुठे आहे?"

फोटो ढोलांच्या पेटीवर टांगलेला होता. तेक सेंगनी चपला काढल्या, स्वतःच्या हातानं चहा ओतला, दोन्ही हातांनी कप फोटोपुढे ठेवला. "दाजी, उशीर झाला," एवढंच म्हणाले. आत्यानं वळून पाहिलं नाही. ती भुवई रंगवत राहिली. त्या दिवशीच्या खेळात राणीची एक भुवई कपाळापर्यंत चढलेली होती.

खेळाआधी ती भावाला म्हणाली, "आता झाले मी लिम. पण प्यालेला चहा परत यायचा नाही हं."

"ते कळतं मला," तेक सेंग म्हणाले. "आणि तुम्ही दोघं आता महिनाभर घरी येऊ नका. पितरांच्या महिन्यात नवी सून उंबरा ओलांडत नाही."

म्हणून ती दोघं पाठीवर पिशव्या टाकून उत्तरेला गेली. बँकॉक, चिआंग माई, पुढे मेकाँगच्या काठाकाठानं होडीतून. पिशवी आता मध्ये नसायची.

तेक सेंगनी पुन्हा बेट सोडलं नाही. फुकेतच्या बसची हकीकत मात्र गिऱ्हाइकांना अशी सांगायचे की जणू पायी चीन गाठला होता. रबरी सपाता आल्या, धंदा बसला, तरी शेवटपर्यंत सुनेच्या चपला तेच करायचे. सुआतच्या आईनं आपला चहा दोन कप प्यायला, थांबावं लागलं त्याचा एक जास्तीचा. गावोगाव सिनेमा आला तशी मंडळी मोडली. आत्या भरजरी अंगरख्यांच्या पेट्या घेऊन चपलांच्या दुकानाच्या माडीवर राहायला आली आणि भावाशी रेडिओवरून रोज भांडत तिथेच गेली. तिच्या थडग्यावर लिम घराण्याची सून म्हणून नाव कोरलं, ते तेक सेंगनी स्वतः उभं राहून कोरून घेतलं.

केंग होई खांबांवरून उतरून साहेब झाला. दर वर्षी रजा मिळाली की दोघं निघायची. मेदान, हुए, मंडाले, कुठेही, पण पेटी कधी घेतली नाही. चार वर्षांपूर्वी तो झोपेत गेला. उशाशी बसचं वेळापत्रक होतं.

सुआत लान अजून आहे. घराण्यात आता तिच्याहून थोरलं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक लग्नाचा पहिला कप तिच्यापुढेच येतो. येत्या महिन्यात नातीचं लग्न आहे. मुलगा कुठला, काय, यावर घरात कुजबुज चालू आहे. सुआतनं बजावलंय, सून असो, जावई असो, आडनाव काहीही असो, ती पिणार आहे. फक्त बोरं भरपूर घाला.